पुठ्ठ्यावरचे नऊ थेंब

सकाळी पुठ्ठ्यावर नऊ डाग होते. सात एकाच जागी, इंजिनाला गिअरबॉक्स जुळतो त्याच्या बरोबर खाली. दोन जरा पुढे. कालचे डाग पसरून कडेने पिवळे पडले होते, आजचे अजून काळे, चमकणारे. निमोण्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी पुठ्ठा उजेडात धरून पाहिला आणि वहीत तारखेपुढे 9 लिहिलं.

नऊ थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटरही नाही. पण उभ्या गाडीची गळती ही खरी गळती नव्हेच. इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं, आतला दाब वाढतो आणि मग ते वाट शोधतं. महिन्याला अर्धा लिटर ओतावं लागतं, म्हणजे दोनशे रुपये. शिरूरच्या मेकॅनिकने गाडीखाली सरकून, बॅटरी मारून सगळं पाहिलं होतं. "गुरुजी, टॅपेट कव्हरचं अन् चेंबरचं पॅकिंग आर्ध्या दिवसात टाकू. पण मागचं क्रँक सील गेलंय. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागंल. ऑइल क्लच प्लेटवर गेलं तर तीबी बदला. सगळं मिळून बावीस हजार धरा."

गाडी विकली तर तीस हजार येतील, तेही घेणारा भेटला तर.

कारण गाडी स्टेशन वॅगन आहे. मागे लांब, डिकी वेगळी नसलेली, सीट पाडली की कांद्याच्या गोण्या सरळ आत जाणारी. आपल्याकडे ही घडण कधी रुजलीच नाही. अँबॅसिडरची इस्टेट आली, 1992 मध्ये टाटा इस्टेट आली, 2004 मध्ये इंडिगो मरीना आली. लोकांनी कौतुकाने पाहिलं आणि घेतली मात्र डिकीवाली किंवा उंच गाडी. आता तर पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करायची, आणि त्याचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. गळतीचं म्हणाल, तर त्यात सीलचाही दोष नाही. रबर वर्षानुवर्षं तापतं, निवतं, कडक होतं. त्याची धार शाफ्टला चिकटून राहत नाही. हे वयाचं दुखणं आहे.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "अण्णा, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. काढून टाका ती."

म्हण आयुष्यभर वर्गात वापरलेली. पण त्या रात्री गुरुजींच्या मनातून ती जाईना. चार आणि बारा सोळा. सोळा आणे म्हणजे पुरता एक रुपया! इतक्या वर्षांत ही बेरीज त्यांच्या लक्षात आली नव्हती. एखादी गोष्ट पूर्ण खरी असली की आपण 'सोळा आणे खरी' म्हणतो. मग म्हण करणाऱ्याने मुद्दाम पुरता रुपया जुळवला, की आकडे सहज तोंडी आले? 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, आणे मोडीत निघाले. चार आण्यांच्या जागी आलेले पंचवीस पैसेही 2011 च्या जूनअखेर चलनातून गेले. म्हण मात्र चालूच आहे.

आणि कोंबडी स्वस्त का? तर ती अंगणात वाढली. दाणे घरचे, उकिरडा घरचा. लवंग, दालचिनी, दगडफूल, सुकं खोबरं यातलं काही शिरूरच्या जिरायती मातीत पिकत नाही. ते बाजारातून, रोख पैशाने यायचं. म्हणजे म्हण उधळपट्टीवर बोट ठेवते खरी, पण नकळत आणखी एक सांगते: घरच्या वस्तूला भाव नसतो, बाहेरून आणलेल्याला असतो. गाडी तीस हजारांची हे कोणी ठरवलं? तिला विकायला काढलं तेव्हा बाजाराने. याच गाडीतून पत्नीला रात्री दवाखान्यात नेलं होतं, मागची सीट पाडून, अंथरूण घालून. ती रात्र त्या तीस हजारांत कुठेच नाही. पण ती बावीस हजारांतही बसत नाही, हेही गुरुजींना कळत होतं, आणि तिथेच हिशेब अडत होता.

बावीस हजार भागिले दरसाल चोवीसशे. नुसतं ऑइल ओतत राहिलं तर नऊ वर्षं निघतात. गुरुजींना आता एकाहत्तरावं चालू आहे.

गळती हा शब्द डोक्यात घोळत राहिला आणि 1972 आठवलं. दुष्काळी काम. अठरा वर्षांचं पोर, डोक्यावर मुरमाची पाटी, दुपारी सुकडी, घरी मिलोच्या लाल भाकरी. पाझर तलावाचा बांध घालायचा होता. तळं बांधतोय ते पाणी साठवायला, अशीच पोरांची समजूत. मुकादमाने सांगितलं, हे पाणी झिरपायलाच हवं. खालच्या विहिरींना पाणी आलं तर काम साधलं. गळावं म्हणून बांधलेलं तळं! मात्र बांधाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा ठोकून ठोकून बसवायला लावला होता. भरावातून पाणी फुटलं तर सगळं वाहून जाणार. तळातून पाझरावं, बांधातून गळू नये. पुढे वर्षानुवर्षं गाळ बसला की तळ बुजतो, पाणी मुरेनासं होतं. मग तलाव भरलेला दिसतो आणि विहिरी कोरड्या पडतात.

इंजिनालाही अशी एक मोकळी वाट असते. पिस्टनच्या रिंगांवरून निसटलेला वायू खाली चेंबरकडे येतो, तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडायला हवा. ती नळी तुंबली की दाब सीलवर येतो आणि ऑइल तिथून फुटतं. मेकॅनिक हेही बोलला होता, घाईघाईत. आणि शेवटी: "रिंगाच झिजल्या असल्या तर मात्र सील टाकूनबी परत गळंल, गुरुजी. पैसं गेल्यावर मला बोल लावू नका."

गुरुजींनी नळी काढली. आत काळा, खरवडून निघेल असा चिकटा. तार घातली, डिझेलने धुतली, उन्हात वाळवून बसवली.

दुसऱ्या दिवशी सात डाग. मन हलकं झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. पण आदल्या दिवशी गाडी न्हावऱ्याला जाऊन आली होती, भर उन्हात, कांदा घेऊन. त्याआधीच्या दिवशी ती जागची हललीच नव्हती. मग सात कशाचे आणि नऊ कशाचे? पुठ्ठाही आता डागांनी भरला आहे, नवा कुठला आणि जुना कुठला ते ओळखू येत नाही. गुरुजींनी तो काढून दुसरा सरकवला, खडूने चारी कोपरे आखले, आणि मेकॅनिकला फोन करायला उचललेला मोबाइल पुन्हा खिशात ठेवला.