न दिसणारें अक्षर

गोदावरीस पूर आला म्हणजे नाशिककर प्रथम दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. पाणी मूर्तीच्या कोठवर चढलें यावरून तो पुराचें मान ठरवितो. गेल्या पावसाळ्यांत हें पाहून आम्हांस एक कल्पना सुचली. घाटाच्या किती पायऱ्या रोज पाण्याखालीं जातात याची नोंद संगणकाकडून ठेवावी, आणि त्याची आज्ञावली होईल तितकी मराठींत लिहावी. पायथॉन या संगणकभाषेच्या २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरी नांवें देतां येतात. ‘दिवस’, ‘पाणी’, ‘बेरीज’ हीं नांवें संगणकानें मुकाट्यानें मानिलीं.

अर्धें काम आम्ही शाळेंत केलें, अर्धें आमच्या मित्रानें घरीं. दोन्ही भाग जोडतांच संगणक ‘पायऱ्या’ या शब्दापाशीं अडून बसला. आमचा शब्द त्यास मान्य, मित्राचा अमान्य! पडद्यावर तर दोन्ही तंतोतंत सारखे. दुसऱ्या दिवशीं प्रदर्शन होतें. आम्ही संतापून चार मुलांदेखत मित्रास म्हणालों, “तुझ्या धांदरटपणानें घात केला!” तो कांहीं न बोलतां उठून गेला.

मग गुरुजींनीं दोन्ही शब्दांचे संकेतांक काढून दाखविले. संगणकास अक्षर दिसत नाहीं. त्यास अंक दिसतो. कोणत्या अक्षरास कोणता अंक, हें युनिकोड या जागतिक संकेतानें ठरतें. आमच्या कळफलकानें खालीं टिंब असलेला ‘ऱ’ घातला होता. तो दक्षिणेकडील भाषांतील एका रकारासाठीं संकेतांत आला, परंतु त्याचा अर्धा आकार मराठीच्या उपयोगीं पडतो. मित्राच्या कळफलकानें साधा ‘र’, हलन्त, व त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घातलें होतें. युनिकोडला दोन्ही वाटा संमत आहेत. पायथॉन मात्र नांवांत अदृश्य चिन्ह येऊं देत नाहीं.

हा नियम अविचारी नव्हे. न दिसणाऱ्या चिन्हामुळें दोन निराळीं नांवें एकच भासतील व घोटाळा होईल. परंतु तें चिन्ह नुसतें गाळावें, तर डोंगरांतील दऱ्यांच्या जागीं दर्या पसरतो, आणि आचाऱ्यास सांगितलेला स्वयंपाक आचार्यास करावा लागतो!

गुरुजी म्हणाले, “१९८९ सालीं सी या भाषेचें पहिलें प्रमाण ठरलें, तेव्हां तिच्या मूळ अक्षरसंचांत रोमन लिपीचीं ५२ अक्षरें, १० अंक व २९ चिन्हें एवढींच दृश्य अक्षरें होतीं. १९९९ च्या प्रमाणानें नांवांसाठीं देवनागरीस दार उघडलें. दार उघडलें, तरी उंबरठ्याची उंची आपणच जाऊन सांगावी लागते.”

म्हणजे मित्रानें मराठी शुद्धच लिहिली होती. अशुद्ध होतें तें आमचें बोलणें. त्याच सायंकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो म्हणाला, “आधीं शब्द दुरुस्त करूं; बाकीचें मागाहून.” आम्ही शेजारीं बसून ‘पायऱ्या’ पुन्हां लिहिल्या, आणि आज्ञावली चालली. दुसऱ्या दिवशीं, ज्या चार मुलांदेखत त्यास दोष दिला होता, त्यांच्यासमोरच आम्ही क्षमा मागितली.

वाचकहो, संगणकानें निदान कोणतें चिन्ह खटकलें तें सांगितलें होतें. मित्राचें मन कोठें दुखावलें हें मात्र आम्हांस स्वतःच ओळखावें लागलें.