डोंगराआडचा पाऊस

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सर्वांआधी भूगोलाचा एक तास आठवला. तो वर्गात नव्हे, सह्याद्रीच्या कड्यावर झाला होता.

मी माण तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात आई-वडील खडी फोडण्याच्या कामावर जात; आम्हा भावंडांचे पोट सुकडीवर भरे. गावात तेव्हा एक बोल ऐकू येई: धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने गावकीची कामे सोडली, देवीपुढचे वाजवणे सोडले, म्हणून देवी कोपली आणि पाऊस गेला. आजी हे ऐकून गप्प राही. पुढल्या वर्षी मी वसतिगृहात दाखल झालो, तो हा आरोप मनात घेऊनच.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता भूगोलाच्या सरांनी आम्हाला एस.टी.ने महाबळेश्वरला नेले. वाई सोडून पसरणी घाट चढू लागलो, तसतसे रान दाट होत गेले. आर्थर सीटच्या कड्यावरून सरांनी खाली सावित्रीचे खोरे दाखवले. तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेली ही पर्वतरांग. आपल्याकडचा तिचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांतून घडला, हे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "समुद्रावरचे बाष्प घेऊन नैर्ऋत्येचे वारे येतात आणि या भिंतीला अडून वर चढतात. वर हवा थंड होते, ढग इथेच रिते होतात. पूर्वेकडे उतरताना तीच हवा तापते, कोरडी होते. म्हणून इथे पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि दहिवडीला जेमतेम पाचशेच्या आसपास. याला पर्जन्यछाया म्हणतात."

प्रत्येक गोष्टीला कारण असते, ते शोधावे, असे वंदनेनंतर आम्हाला रोज सांगितले जाई. त्याचा अर्थ मला त्या कड्यावर उमगला.

परतताना एका झाडावर तांबूस, झुपकेदार शेपटीचे शेकरू दिसले. झऱ्याकाठी शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालत होता. मी खट्टू होऊन म्हणालो, "सर, आमच्याकडे यातले काहीच नाही." सर हसले. "तुझ्या माळावर चिंकारा आहे, लांडगा आहे, धाविक आहे, चंडोल आहे. शेकरूला फांदीवरून फांदीवर जायला दाट झाडी लागते. धाविकाला पळायला मोकळा माळ लागतो. एकाच डोंगराने दोघांना घरे दिली आहेत."

दिवाळीच्या सुट्टीत मी अंगणात ओल्या मातीचा डोंगर केला. एका बाजूने ओंजळीने पाणी मारले. दुसरी बाजू कोरडीच राहिली. आजी ओट्यावरून पाहत होती. मी सगळे समजावून सांगितल्यावर तिने बराच वेळ त्या मातीकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हंजी आपलं काय चुकलं न्हवतं म्हण की."

पुढे मी भूगोलाचा शिक्षक झालो. पर्जन्यछायेचा धडा आला की आधी मुलांकडून मातीचा डोंगर करून घेई, मग पुस्तक उघडी. आजीच्या त्या एका वाक्यासाठी मी या शाळेचा जन्मभर ऋणी आहे.