पडायची विद्या

ताईचा हुकूम म्हणजे आमच्या घरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. गेल्या दिवाळीत तो माझ्यावर बजावण्यात आला. "कॉलेजात शंभर शंभर पोरांना गप्प बसवतोस ना? मग आपल्या या एका भाच्याला समजाव. तुझं तो ऐकेल!"

भाचा सिडनीला नोकरी करतो. गेली दहा वर्षं तिथल्या समुद्रावर फळी घेऊन लाटांवर स्वार होण्याचा नाद त्याला लागला आहे. इतके दिवस ताईनं तो पोरखेळ म्हणून सोडून दिला होता. पण आता डिसेंबरात रजा काढून स्वारी निघाली होती हवाई बेटांना. तिथं ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर 'पाइपलाइन' नावाची लाट आहे. लाटेला नाव असतं हेच मला नवीन! त्या लाटेनं चांगल्या चांगल्या तयारीच्या माणसांचे प्राण घेतले आहेत, ही माहिती मात्र ताईनं कुठून तरी पैदा केली होती. आणि ती खोटी नव्हती.

नरकचतुर्दशीचा फराळ आटोपला तसा मी घसा खाकरून उपदेशाला सुरुवात केली. त्यानं शांतपणे चकली संपवली आणि सतरंजीचं एक टोक उचलून माझ्यापुढे गुंडाळी धरली.

"हे पाहा, मामा. उत्तर पॅसिफिकमधल्या हिवाळी वादळांनी उठलेल्या लाटा खोल पाण्यातून दूरदूरचा प्रवास करीत येतात. इथं त्यांना एकदम उथळ खडक लागतो. लाटेचा तळ अडखळतो, माथा मात्र त्याच वेगानं पुढे येऊन कोसळतो. मध्ये उरते ती पोकळ नळी. तिच्यात शिरायचं आणि ती मिटायच्या आत पुढच्या उघड्या तोंडानं बाहेर पडायचं."

"एवढंच?"

"एवढंच. खाली पाणी कुठं कुठं कंबरभर, आणि त्याखाली ज्वालामुखीचा खडक, कपारींनी भरलेला."

मी आवंढा गिळला. "पण तुला दहा वर्षांचा अनुभव आहे," मी म्हणालो. खरं म्हणजे मी त्यालाच समजावायला बसलो होतो. पण आता स्वतःची समजूत घालू लागलो होतो.

"तीच तर अडचण आहे!" तो हसून म्हणाला. "माझा सगळा अनुभव वाळूवरचा. तोल गेला की डोकं पुढे करून पाण्यात सूर मारायचा, ही अंगाला लागलेली सवय. इथं तसा सूर मारला की मान गेलीच. म्हणून गेले आठ महिने मी फक्त पडायला शिकतोय."

आणि त्यानं सतरंजीवर प्रात्यक्षिकच दाखवलं. अंग पसरून सपाट पडायचं, म्हणजे खोल जाणं होत नाही. पडताक्षणी दोन्ही हात डोक्याभोवती, कोपरं मिटलेली. वर येताना एक हात डोक्याच्या वर, कारण आपलीच फळी परत येऊन टाळक्यात बसण्याचा संभव. मीही एकदा पडून पाहिलं. तो धप्प आवाज ऐकून आमची मंडळी स्वयंपाकघरातून धावत आली, आणि ताईनं कपाळावर हात मारला.

श्वासाचंही तसंच. लाटेखाली माणूस बहुधा दहा-पंधरा सेकंदच राहतो, पण गरगर फिरताना ते युगासारखे वाटतात. घाबरला की श्वास आधी संपतो. म्हणून तलावात दम धरण्याचा सराव. पण तो कधीही एकट्यानं नाही. आधी भराभर श्वास घेऊन बुडी मारली, तर श्वासाची ओढ उशिरा लागते आणि कसलीही सूचना न मिळता शुद्ध हरपते. सोबत्याला बुडत्याला तोंडानं श्वास देण्याची आणि छातीवर दाब देण्याची विद्या आलीच पाहिजे.

"आणि हे!" म्हणून त्यानं बॅगेतून हेल्मेट काढलं. पूर्वी ते घालणं कमीपणाचं वाटे. ओवेन राइट हा ऑस्ट्रेलियाचा नामांकित खेळाडू. 2015 च्या डिसेंबरात याच पाइपलाइननं त्याच्या मेंदूला इजा केली. चालण्यापासून सगळं त्याला पुन्हा शिकावं लागलं. पुढे 2017 साली तो स्पर्धा जिंकला, टोकियो ऑलिंपिकचं कांस्यपदकही त्यानं मिळवलं. पण त्याच्यासारख्याला जे चुकलं नाही, ते आपल्याला चुकेल असं कुणी मानावं? आता पुष्कळजण निमूटपणे हेल्मेट चढवतात.

मी गप्प झालो. मला माझाच वर्ग आठवला. वीस वर्षं तीच कविता, तीच टिपणं. त्या वर्षी एका मुलीनं भीत भीत विचारलं होतं, "सर, या ओळीचा असाही अर्थ होईल ना?" मी अनुभवाच्या जोरावर तिला हसून उडवून लावलं. वर्गही हसला. घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं, तिचं बरोबर होतं. आपल्याला येतं, या समजुतीनं मी डोकं पुढे करून सूर मारला होता. माझ्या खाली खडक नव्हता इतकंच. डोकं फुटलं ते त्या पोरीच्या उत्साहाचं. ती पुन्हा काही विचारीना.

डिसेंबरात तो हवाईला पोचला. पहिले दोन दिवस तो किनाऱ्यावर नुसता बसून होता. लाटा किती किती अंतरानं येतात, कुठल्या वाटेनं बाहेर पडता येतं, रांगेत तिथल्या जुन्या मंडळींचा मान कसा राखायचा, हे पाहत. मग एके दिवशी बेताच्या पाण्यात उतरला. तीनदा पडला, सपाट पडला. चौथ्यांदा नळीतून बाहेर आला. इकडे ताईनं देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: "आज पाणी फार मोठं आहे. माझ्या आवाक्यातलं नाही. उतरलो नाही."

"अगं बाई! मग एवढं तिकीट काढून गेला कशाला?" ताई म्हणाली.

मी तिला काही बोललो नाही. त्याची तयारी पुरी झाली आहे हे मला त्या निरोपावरून जितकं पटलं, तितकं आदल्या दिवशीच्या पराक्रमावरून पटलं नव्हतं. त्या रात्री मी वीस वर्षांची टिपणं बाजूला सारली आणि ती कविता पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतली. सकाळी वर्गात गेल्यावर आधी त्या मुलीला सांगायचं होतं, "परवा तू म्हणालीस तेच खरं."