टाचण्या आणि नोटांवरचे आजोबा

अमेरिकेत येऊन मला पंचवीस वर्षं होत आली. त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं इथल्या जुन्या पुढाऱ्यांशी माझा संबंध फक्त पाकिटापुरता होता. एक डॉलरवर वॉशिंग्टन, शंभरावर फ्रँकलिन, आणि दहावर कोणीतरी देखणा, तरतरीत नाकाचा गृहस्थ. सगळे आपले 'नोटांवरचे आजोबा'. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी थोडी घोकंपट्टी केली होती म्हणा. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी असायची, त्यातले दहापर्यंत विचारायचे आणि सहा बरोबर आले की पास. मी पास झाले आणि घरी येईपर्यंत निम्मं विसरलेसुद्धा.

मग 2016 साली लेक आठवीत असताना आमच्या गाडीत 'हॅमिल्टन' शिरला.

लिन-मॅन्युएल मिरांडाचं हे संगीत नाटक 2015 मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि पोरांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं. शाळेत जाता-येता तीच गाणी. मला आधी वाटलं, रॅप म्हणजे आपला प्रांत नव्हे. पण नाटक ऐतिहासिक, तेही गाण्यांतून सांगितलेलं... सांगलीच्या मुलीला हे किती दिवस परकं वाटणार? महिन्याभरात मीही गुणगुणायला लागले. आणि एक दिवस लेकीने विचारलं, "आई, हे सगळं खरं आहे का?" तिला उत्तर देता येईना म्हणून लायब्ररीतून रॉन चेर्नोने लिहिलेलं हॅमिल्टनचं चरित्र आणलं. 2004 साली आलेलं, आठशे पानांच्या वर. मिरांडाने ते 2008 मध्ये सुट्टीवर असताना वाचलं आणि त्यातून नाटक सुचलं. मी ते स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचलं. चार वेळा मुदत वाढवून घ्यावी लागली.

काय माणूस होता! कॅरिबियन बेटांवरचं पोरकं पोर, लग्नाबाहेर जन्मलेलं. 1772 च्या चक्रीवादळाचं वर्णन करणारं पत्र लिहितं काय, ते वर्तमानपत्रात छापून येतं काय, आणि लोक वर्गणी काढून त्याला शिकायला पाठवतात काय! तिथून वॉशिंग्टनचा उजवा हात, मग देशाचा पहिला अर्थमंत्री. आणि 1804 च्या जुलैमध्ये चाळिशी उलटून थोडीच वर्षं झालेली असताना, ॲरन बर या उपराष्ट्राध्यक्षाच्या गोळीने शेवट. ते द्वंद्व झालं वीहॉकनला, म्हणजे आमच्या न्यू जर्सीतच. हडसनच्या काठावरच्या त्या उंचवट्यावर आम्ही पाहुण्यांना मॅनहॅटनचा देखावा दाखवायला कितीदा नेलं होतं! तिथे हॅमिल्टनचा पुतळा आहे हे मात्र पुस्तक वाचल्यावर 'दिसलं'.

पण मला सांगायचंय ते हॅमिल्टनबद्दल नाही, त्याच्या बायकोबद्दल. आणि खरं तर माझ्या आईबद्दल. तिथे येतेच.

जुलै 2020 मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, या नाटकाचं चित्रीकरण टीव्हीवर आलं. तोवर फक्त ऐकलेलं नाटक पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या अंकात एक प्रसंग आहे. हॅमिल्टनने 1797 मध्ये स्वतःचं लफडं स्वतःच पुस्तिका काढून जगाला सांगितलंय (सरकारी पैशाचा अपहार केला नाही हे सिद्ध करायला!), आणि त्याची बायको एलायझा रंगमंचावर एकटी उभी राहून पत्रं जाळते. खरीखुरी ज्योत. इतिहासातून मी स्वतःला पुसून टाकते, असा त्या गाण्याचा भाव. लेक ढसाढसा रडली. मी उठून चेर्नोचं पुस्तक काढलं.

तर गंमत अशी की त्या प्रसंगाला पुरावा नाही. पुरावा आहे तो फक्त एका रिकाम्या जागेचा. हॅमिल्टनने एलायझाला लिहिलेली पत्रं आहेत, तिने त्याला लिहिलेली जवळजवळ नाहीत. बहुधा तिनेच ती नाहीशी केली. चरित्रकाराला तिथे थांबावं लागतं. नाटककार मात्र त्या रिकाम्या जागेत एक बाई उभी करतो आणि तिच्या हातात ज्योत देतो.

आणि हीच एलायझा नवरा गेल्यावर पुढे पन्नास वर्षं जगली. 1854 मध्ये गेली तेव्हा सत्त्याण्णव वर्षांची होती. त्या पन्नास वर्षांत तिने न्यूयॉर्कमध्ये अनाथाश्रम उभा केला आणि नवऱ्याचा कागदन् कागद जमवला. त्याला ओळखणाऱ्या माणसांना लिहिलं, मुलांना चरित्र लिहायला लावलं. त्याने 1780 मध्ये तिच्यासाठी लिहिलेली एक कविता ती गळ्यातल्या छोट्या पिशवीत जपायची. म्हणजे त्याचं सगळं ठेवलं, आपलं मात्र ठेवलं नाही.

मग मला नादच लागला. नोटेवर नसलेले आजोबाही वाचायला घेतले. डेव्हिड मॅकल्लाने लिहिलेलं जॉन ॲडम्सचं चरित्र (2001) वाचलं. ॲडम्स बुटका, तापट, स्वतःच्या प्रेमात, पण स्वच्छ माणूस. त्या काळातल्या इतक्या नेत्यांच्या घरी गुलाम होते, याच्याकडे कधीच नव्हते. त्याच सुमारास जवळच्या एका हौशी नाटक मंडळींनी '1776' केलं, 1969 सालचं संगीत नाटक. स्वातंत्र्याचा जाहीरनामा सही होईपर्यंतची भांडणं! गुलामगिरीच्या व्यापाराबद्दलचा परिच्छेद गाळल्याशिवाय दक्षिणेकडचे लोक सही करेनात, तो प्रसंग बघताना अंगावर काटा येतो.

त्या नाटकात जॉन फिलाडेल्फियात आणि बायको ॲबिगेल मॅसॅच्युसेट्समध्ये. दोघं पत्रांतून बोलतात. तो म्हणतो, तोफांच्या दारूसाठी सोरा तयार करा. ती म्हणते, आम्हा बायकांना आधी टाचण्या पाठवा! प्रेक्षक हसले, मीही हसले. घरी येऊन बघते तर ते खरं निघालं. 1775 मध्ये ॲबिगेलने खरोखरच पत्रातून टाचण्या मागितल्या होत्या. टाचण्या इंग्लंडहून यायच्या, व्यापार बंद पडल्यावर भाव दुपटीच्या वर गेले. इकडे लढाई पेटलेली, घरात चार लहान मुलं, आणि कपडे शिवायला टाचणी नाही.

या दोघांची अकराशेच्या वर पत्रं आज शिल्लक आहेत. ॲबिगेलने सुरुवातीला नवऱ्याला बजावलं होतं की माझी पत्रं जाळून टाक, कुणाच्या हाती लागायला नकोत. त्याने ऐकलं नाही. उलट तिला कळवलं की जपून ठेवण्याच्या लायकीची तुझीच पत्रं आहेत, माझी नव्हेत. नवऱ्याने बायकोचं न ऐकल्याचा जगाला झालेला फायदा, दुसरं काय!

याच्या उलट मार्था वॉशिंग्टन. चाळीस वर्षांचा संसार. 1799 मध्ये जॉर्ज गेला आणि त्यानंतर तिने दोघांची पत्रं जाळली. त्याची तिला आलेली अगदी मोजकी उरली, त्यातली दोन तिच्या लिहिण्याच्या टेबलात अडकून राहिली असं सांगतात. एक आहे जून 1775 चं. सेनापतीपद गळ्यात पडलंय, त्यापेक्षा घरी तुझ्याजवळ असतो तर सुखात असतो, सोबत मृत्युपत्र पाठवतोय... आणि शेवटी ताजा कलम, तुझ्यासाठी छानसं मलमल घेतलंय! एक डॉलरच्या नोटेवरचे ते घट्ट मिटलेले ओठ मला तेव्हापासून वेगळेच दिसतात.

आणि ज्यांच्याकडे जाळायलाही पत्रं नव्हती त्यांचं काय? 'हॅमिल्टन'मध्ये जेफरसन फ्रान्सहून परततो तेव्हा सॅलीला एकदा हाक मारून पत्र उघडायला सांगतो. सॅली हेमिंग्जचा नाटकातला भाग तेवढाच. ती जेफरसनची गुलाम. त्याच्या मुलांची आई. तिच्या हातचं एक अक्षर नाही, एक चित्र नाही. तिच्या मुलाने, मॅडिसन हेमिंग्जने, 1873 मध्ये एका वर्तमानपत्राला आपली हकीकत सांगितली. ती बहुतेक इतिहासकारांनी मान्य करायला 1998 ची डीएनए चाचणी यावी लागली. सव्वाशे वर्षं! पत्र ठेवायचं की जाळायचं हे ठरवता येणं हीसुद्धा एक चैनच होती, हे तेव्हा कळलं.

असो. आता आईकडे वळते.

बाबा बँकेत होते, दर तीन वर्षांनी बदली. आई सांगलीत शाळेत शिकवायची, त्यामुळे ती आणि आम्ही तिथेच. बाबांची निळी आंतरदेशीय पत्रं यायची. त्यातलं आमच्यासाठीचं आई मोठ्याने वाचून दाखवायची आणि मध्येच आवाज बंद करून दोन-चार ओळी मनात वाचायची. बाबांना जाऊन आता सात वर्षं झाली.

गेल्या वर्षी वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. आई पुण्याला भावाकडे जाणार. एका रविवारी फोनवर सहज म्हणाली, "अगं, ह्यांच्या पत्रांचा गठ्ठा सापडला ट्रंकेत. आवराआवर चाललीच आहे, घालते एकदा बंबात."

मी ओरडलेच. "आई, जाळायची नाहीत हं!"

"का गं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. ॲबिगेल, मार्था, एलायझा. तब्बल चाळीस मिनिटं. पत्रं जाळली की माणूसच नाहीसा होतो, पुढच्यांना काही कळत नाही, वगैरे वगैरे. जुनी शिक्षिका, तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तिघींच्या तीन तऱ्हा झाल्या. चौथी माझी मी ठरवेन."

मी हुकमाचं पान टाकलं. 'उंच माझा झोका' ही मालिका ती एकही भाग न चुकवता बघायची. "रमाबाई रानड्यांनी आठवणी लिहिल्या नसत्या तर न्यायमूर्ती घरात कसे होते हे तुला कळलं असतं का?"

"नसतं कळलं," आई म्हणाली. "पण काय सांगायचं आणि काय नाही ते रमाबाईंनी स्वतः ठरवलं ना? त्यांची ट्रंक कुणी उचकटली नाही." थोडं थांबून म्हणाली, "त्या पत्रातले बाबा तुझे नाहीत गं. तुझे वेगळे होते. ते तुझ्याजवळ आहेतच."

मी फोन ठेवला आणि खूप चिडले. एका बाजूला मेलेल्या अमेरिकन माणसांची खासगी पत्रं मिटक्या मारत वाचणारी मी. दुसऱ्या बाजूला माझ्याच आईच्या पत्रांवर हक्क सांगणारीही मीच. ॲबिगेलने 'जाळ' म्हटलं होतं, तरी आपण वाचतोच की. तिला विचारलं कुणी? हा विचार इतकी वर्षं मला शिवलाच नव्हता.

जानेवारीत सामान हलवायला सांगलीला गेले. गठ्ठा नव्हता. आईने महिनाभर रोज दुपारी बसून एकेक पत्र वाचलं, आणि मग रोज सकाळी आंघोळीच्या पाण्याला. चार पत्रं तेवढी बाजूला ठेवली होती. "ही तुला," म्हणाली.

मी तिच्यासमोरच पहिलं उघडलं. 1977, नागपूर. बाबांचं तिरकं अक्षर. मेसचं जेवण तिखट आहे. वरच्या साहेबांशी खटका उडाला. तू सांगितल्याप्रमाणे स्टोव्हच्या पिना दोन डझन घेतल्या आहेत. पातळ घेतलंय, रंग तुला पसंत पडेल की नाही देव जाणे.

मी हसायला लागले ते थांबेचना, आणि मग डोळ्यांतून पाणीही थांबेना. आईला कळेना काय झालं. "सांगलीतल्या पिना वाकायच्या गं," ती आपली समजावत होती, "म्हणून मागवल्या होत्या!"

बाकीच्या पत्रांत काय होतं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

ती चार पत्रं आता इथे न्यू जर्सीत माझ्या कपाटात आहेत. लेकीला दाखवली. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, पण पिनांपर्यंत पोचल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "ॲबिगेल!" मग विचारते, "तुझी आणि बाबांची पत्रं कुठे आहेत?"

कुठली पत्रं? फोन उघडून तिला दाखवलं. वर्षानुवर्षांचा गठ्ठा. 'निघालास का?' 'येताना दूध आण.' 'दोन टक्केवालं.'

म्हटलं, तुझं तू ठरव काय करायचं ते. आमच्या टाचण्या ह्याच.