गॅसकेट उडाली कशामुळे?

वाशीला टोमॅटो उतरवून रिकाम्या क्रेटांसह परतताना माळशेज घाटात पिकअपचा काटा लाल पट्टीवर गेला. रेडिएटर सारखं पाणी मागत होता आणि खाली रस्त्यावर एक थेंब नव्हता. थांबत थांबत आळेफाटा गाठला. एका गॅरेजवाल्याने लगेच सांगितलं, "गॅसकेट टाकतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." दुसऱ्या मिस्त्रींनी विचारलं, "उडाली कशामुळे?" मी गाडी त्यांच्याकडे लावली.

इंजिन गार झाल्यावर त्यांनी झाकण काढून सेल्फ मारला. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे! ऑइलची पट्टी ओढली तर तिच्यावर घुसळलेल्या ताकासारखा फेस. हेड आणि ब्लॉक यांच्यामधली ही पातळ गॅसकेट जळता वायू, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू देत नाही. डिझेल इंजिनात हवा 16 ते 18 पट दाबली जाते, तो सगळा जोर तिच्या कडांवर येतो.

हेड उतरलं. त्यावर सरळ पट्टी आडवी धरली, तर फीलर गेजची 0.10 मिलिमीटरची पाती मधोमध सहज आत गेली. हेड तापून वाकलं होतं. अशा हेडवर नवी गॅसकेट टाकली असती तर तीही टिकली नसती. हेड लेथवाल्याकडे फेसिंगला गेलं, तडा आहे का तेही तपासून आलं. रेडिएटर उघडला तेव्हा खरं कारण दिसलं: नळ्या क्षाराने बुजलेल्या. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं होतं.

पुढचं काम मी शेजारी बसून पाहिलं. मिस्त्रींनी ब्लॉकला पॉलिशपेपर लावू दिला नाही, त्याची पूड बेअरिंग खाते. बोल्टांची भोकं हवा मारून कोरडी केली, कारण आत पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो. गॅसकेटच्या कडेच्या खुणा जुनीशी जुळवून घेतल्या, त्यावरून जाडी कळते. बोल्ट नवे. टॉर्क पान्याने मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले आणि शेवटी ठरलेल्या अंशात फिरवले. फेसाळलेलं ऑइल टाकून नवं भरलं. रेडिएटरमध्ये आता निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी.

गाडी माल भरून पुन्हा वाशीला जाते आणि घाट चढताना काटा निम्म्याच्या वर सरकत नाही. तुमच्या गाडीचं हेड उतरवायची वेळ आली, तर जोडण्याआधी पट्टी ठेवून स्वतः बघा, नवे बोल्ट मागा आणि रेडिएटर उघडायला लावा.