एका दाखल्याचे तीन तुकडे

दहावीचा निकाल लागला की शेणव्यातल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात पाड्यापाड्यांवरची पोरं दाखले घेऊन येतात. ऑनलाइन फॉर्मला फाईल ठरावीक केबीच्या आतच लागते. दुकानातला कॉम्प्युटर उबुंटूवर चालतो. फाईली निवडून राइट क्लिक केलं की एक शेल स्क्रिप्ट त्या लहान करते. ती आधीच्या पोऱ्याने लिहिलेली.

एका मुलीची फाईल होती ‘उत्पन्नाचा दाखला नवीन’. स्क्रिप्ट तीनदा ओरडली, फाईल सापडत नाही. मुलगी म्हणाली, “दादा, मी तर एकच दिली.”

तिचं खरं होतं. फाईल मॅनेजर पूर्ण नाव एकच आर्ग्युमेंट म्हणून देतो. तोडलं ते स्क्रिप्टने. लूपला नुसतं $* दिलं होतं, आणि अवतरणचिन्हं नसली की शेल मोकळ्या जागेवर नाव तोडतो. "$*" लिहावं, तर पाच दाखल्यांचं मिळून एकच लांबलचक नाव होतं. "$@" मात्र प्रत्येक आर्ग्युमेंट जसंच्या तसं सोडतो. १९७९च्या बॉर्न शेलपासूनची ही सोय. तेवढ्याने भागत नाही. लूपच्या आत नाव जिथे जिथे येतं, तिथेही अवतरणं हवीतच.

दुकानातले काका म्हणाले, “पाटीच लावू ना, नावात जागा सोडू नये म्हणून.” मला पटेना. पोरीने आपल्या दाखल्याचं नाव आपल्या भाषेत सरळ लिहिलंय, तिने का बदलावं? शिवाय ही चूक मोठ्यांनाही सुटलेली नाही. २००१ साली ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरमध्ये जुनी आवृत्ती पुसणाऱ्या आरएम कमांडपुढे $2 अवतरणांशिवाय उघडाच होता. नावात जागा असलेल्या काही डिस्कवरचा डेटा त्यात गेला. आमच्याकडे निदान काही पुसलं गेलं नाही.

मग बाकीचंही उरकलं. कुणाच्या फाईलचं नाव ‘-२’ असं सुरू झालं, तर प्रोग्रॅमला तो ऑप्शन वाटतो. म्हणून अशा नावाआधी ./ जोडतो. $#, म्हणजे आर्ग्युमेंटची संख्या, शून्य असेल तर स्क्रिप्ट काहीच न करता थांबते आणि मराठीत सांगते, “आधी फाईल निवडा.” काकांना हेच सगळ्यात आवडलं.