सात नंबरचा बनियन

टोरांटोहून नातू आला, तो बॅगेत एक भलामोठा शर्ट घेऊन. दुधनीच्या उन्हात एवढा जाड शर्ट कशाला, म्हणून हिने सवयीने तो धुवायला उचलला, तर हा ओरडलाच, "आजी, पाण्यात घालू नकोस!"

ती बर्फावरच्या हॉकीची जर्सी होती. एका खेळाडूने खऱ्या सामन्यात घातलेली. दुकानात कोरी मिळते, पण ही मळकी, शिवलेली जर्सी तिच्यापेक्षा महाग! नातवाने मला सगळं समजावून सांगितलं. हे काळे डाग टणक रबरी चकतीचे, हे ओरखडे काठीचे. मागे आतून पट्टा असतो. मारामारीत कोणी जर्सी डोक्यावरून ओढू नये म्हणून ती पँटला अडकवतात. डाग आणि टाके सामन्याच्या फोटोंशी ताडून बघतात, जुळले तर खरी. १९७२ साली पॉल हेंडरसनने सोव्हिएत संघाविरुद्ध निर्णायक गोल केला, तेव्हा अंगात असलेली जर्सी २०१० मध्ये लिलावात दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली म्हणे.

आपल्याकडेही पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे यांनी क्रिकेटपटूंच्या बॅटी, जर्सी जमवून संग्रहालय केलं आहे. २०१२ मध्ये सचिनच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पण खो-खोच्या पोरांचे बनियन कोण जपणार?

मी जपलेत! शाळेने नवे बनियन घेतले तेव्हा जुने बारा टाकून द्यायचे होते, ते मी घरी आणून ट्रंकेत ठेवले. नातवाला दाखवले. खांबावर सूर मारून छातीवर घसरत जायचं, त्यामुळे सगळे पुढून विरलेले. त्याने एकेक उलटून पाहिला आणि सात नंबरचा हातात धरला. "आजोबा, हा सगळ्यात भारी. हे टाके बघा."

मी गप्प बसलो.

१९८४ची गोष्ट. तालुक्याच्या सामन्याला हा मुलगा फाटक्या बनियनने आला. कुशीला वीतभर फाटलेला, आणि निळ्या कापडावर काळ्या जाड दोऱ्याचे ओबडधोबड टाके. मी सगळ्यांसमोर बोललो, "शाळेची अब्रू घालवतोस?" आणि त्याला बाहेर बसवलं. आदल्या संध्याकाळी मीच त्याच्याकडून वीस वेळा सूर मारून घेतला होता, त्यात बनियन फाटला होता. पोराने तोंडातून शब्द काढला नाही. आठवड्याने बनियन धुऊन, घडी घालून टेबलावर ठेवला, आणि पुन्हा मैदानावर आला नाही.

पुढे तो आडतीवर हमालीला लागला. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, आज बोलावं. चाळीस वर्षं गेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. टीव्हीवर मॅटवरचे ते सूर बघताना मला हाच आठवला होता. तरी गेलो नाही.

नातू बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र बनियन पिशवीत घालून त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं होतं रे."

"राहू द्या गुरुजी, किती वर्षं झाली त्याला," म्हणत त्याने बनियन मांडीवर पसरला. टाक्यांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई आडतीवर पोती शिवायची. त्याच दाभणानं रात्री चिमणीपाशी बसून शिवला होता." आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या हातचं घरात दुसरं काही उरलं नव्हतं.

"गुरुजी, हा मी ठेवू?"

ट्रंकेत आता अकराच बनियन आहेत. नातू म्हणतो, संच पूर्ण असता तर किंमत जास्त आली असती. असेल बुवा!